निविदेत आवाजाचाही एक रकाना हवा

सकाळी साडेसहाच्या सुमाराला गोव्यातल्या आमच्या वाड्यावर पदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या दांड्याला रबरी फुग्याचा भोंगा, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली पावांची पाटी. वळणावर दोनदा पों-पों, पिंपळाकडे एकदा, की आपण सुटे पैसे घेऊन फाटकाशी. गेल्या पावसाळ्यात शेजारचे आजोबा अंथरुणाला खिळले होते. त्या दीड महिन्यात पदेराने त्यांच्या घरासमोर भोंगा दाबला नाही. फाटकाची कडी दोनदा वाजवायचा, तीही हलक्या हाताने. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. घरात आजारी माणूस आहे हे कळलं होतं, तेवढं त्याला पुरलं.

माझ्या आईचं वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूने तिची नजर हळूहळू उतरत गेली आणि आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. घर तिला कानांनी कळतं. फ्रिजचं दार नीट लागलं की ‘थप्’ होतं, अर्धवट राहिलं की होत नाही. पंख्याचा जुना रेग्युलेटर टक-टक करत फिरतो, ते टक मोजून ती वेग ठरवते. कुकरच्या शिट्ट्या तर आपण सगळेच मोजतो. ती शिट्टी काही कुणी चाल लावून बसवलेली नाही. आतली वाफ वजन उचलून बाहेर पडते, त्याचाच तो आवाज. पण काम आणि आवाज एकच असल्यामुळे ती कधी खोटं बोलत नाही. डाळीला तीन म्हणजे तीन.

दोन वर्षांपूर्वी मी तिला इंडक्शनची शेगडी आणून दिली. गॅसच्या ज्योतीत पदर जाईल ही भीती होती. शेगडीचा वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत, बटणं नाहीतच, काचेखाली नुसती चिन्हं. बोट लावलं की ‘टीं’. चालू केली, टीं. आच वाढवली, टीं. कमी केली, टीं. बोट चुकून भलतीकडे लागलं तरी टीं. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “हा एकच बोलतो गो. वाढवलं काय कमी केलं, मला कसं कळायचं?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी वस्तूंचे आवाज लक्ष देऊन ऐकायला लागले, आणि माझं मत असं झालं आहे की हा प्रश्न एका स्वयंपाकघराचा नाही, सार्वजनिक आहे. पदेर वाजवतो आणि ऐकतोही. यंत्र नुसतं वाजतं, ऐकत नाही. म्हणून त्याच्या वाटचं ऐकण्याचं काम ते बनवणाऱ्याने, आणि तितकंच ते विकत घेणाऱ्याने, आधीच करून ठेवायला हवं. शेगडी मी घेतली, ती चूक माझी. पण बसगाड्या, इस्पितळातले मॉनिटर, सरकारी कचेऱ्यांतल्या लिफ्ट, टोकनची यंत्रं आपल्या सगळ्यांच्या पैशांनी घेतली जातात. त्यांच्या निविदेत लांबी, रुंदी, वीज, वॉरंटी असं सगळं मागावं आणि ‘हे यंत्र काय बोलेल, कुणाशी, किती मोठ्याने’ हे विचारूच नये, हे मला पटत नाही.

त्या ‘टीं’च्या मागे काय असतं ते आधी सांगते. नाण्याएवढी धातूची चकती, तिच्यावर सिरॅमिकचा पातळ थर. वीज दिली की चकती वाकते, काढली की सरळ होते, आणि हे सेकंदाला साधारण दोन ते चार हजार वेळा होतं. याला पिझो बझर म्हणतात. स्वस्त, टिकाऊ, वीज जवळजवळ खातच नाही. ही चकती याच पट्टीत सगळ्यात जोरात वाजते आणि माणसाचा कानही नेमका याच पट्टीला सगळ्यात तीक्ष्ण असतो, म्हणून एवढ्याशा चकतीचा आवाज घरभर जातो. इथवर सगळं बरोबर. पण वय वाढतं तसं ऐकू येणं वरच्या पट्ट्यांपासून उतरायला लागतं, म्हणजे ज्यांना सूचनेची गरज जास्त त्यांनाच हा आवाज आधी अंधुक होतो. शिवाय दोन-तीन हजारांच्या आसपासचा एकसुरी आवाज कुठून येतोय हे ओळखणं कानाला सगळ्यात कठीण जातं. खालच्या स्वरांत आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा पोचतो, तो फरक मेंदू पकडतो. वरच्या स्वरांत डोकंच आड येतं आणि पलीकडच्या कानाला आवाज कमी पोचतो. मधल्या पट्टीत या दोन्ही खुणा दुबळ्या पडतात. घरात कुठेतरी टीं-टीं वाजायला लागलं की आपण फ्रिज, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर असे एकेकाशी कान लावत हिंडतो, ते यामुळे.

आणि उपाय महाग नाही. आच वाढवताना एक छोटा टीं, कमी करताना दोन, बंद करताना एक लांब. तीच चकती, तीच वीज. चिपमध्ये लिहायच्या सूचना तेवढ्या चार जास्त. कुणीतरी डोळे मिटून ती शेगडी पाच मिनिटं वापरून पाहिली असती तर हे त्याच दिवशी सुचलं असतं.

आवाजाच्या बाबतीत आपण गोवेकर अडाणी नाही. गायिका केसरबाई केरकर आपल्या केरीच्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. घुमटाचं, म्हणजे आपल्या मातीच्या मडक्याच्या तालवाद्याचं, उदाहरण तर आणखी जवळचं. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते थांबलं, बकरीचं कातडं आलं. तेव्हा वाजवणारे ‘कातडं ते कातडं’ म्हणून गप्प बसले नाहीत. जाडी, ताण, मडक्याचं तोंड यांच्याशी झटत जुना घुमारा परत आणायचा प्रयत्न त्यांनी केला, आणि २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य ठरलं. वस्तू कशाची बनवली यावर तिचा आवाज ठरतो आणि आवाजावर तिचं मोल, हे आपल्या मातीच्या भांड्यातच भरलेलं ज्ञान आहे. ते आपण यंत्रांपाशी आलो की का विसरतो?

फोंड्याच्या बाजारात मी जिच्याकडून बांगडे घेते तिच्या पाटीशेजारी पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा आहे, साउंडबॉक्स. आपल्याकडे हे डबे २०१९ पासून यायला लागले आणि बघता बघता चहाच्या गाड्यापासून देवळापुढच्या फुलवाल्यापर्यंत पोचले. मला ही वस्तू मनापासून आवडते, कारण ती खऱ्या अडचणीतून निघाली आहे. हात मासळीने बरबटलेले, फोन पिशवीत, समोरचा मोबाइलचा पडदा दाखवून ‘दिले’ म्हणतो. खरे दिले की खोटे, हे तिने कसं पाहायचं? डबा बोलला की विषय संपला. पण त्या ओळीत पाच जणी बसतात, पाचही डबे एकाच बाईच्या एकाच आवाजात बोलतात, तेही हिंदीत. ‘तीन सौ रुपये प्राप्त हुए’, पण कुणाला? माझ्या मासळीवालीने आपला डबा एका रिकाम्या ॲल्युमिनियमच्या टोपात ठेवला आहे. टोपात तो घुमतो, त्यामुळे गलक्यातही आपला कोणता ते तिला कळतं. डबा बनवणाऱ्या कंपनीत जे काम अर्धवट राहिलं ते तिने एका टोपाने पुरं केलं. तिच्यासारख्या बाईला चाचणीच्या वेळी बोलावलं असतं तर प्रत्येक डब्याला वेगळी घंटा मिळाली असती. भाषा बदलून घेता येते हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाली, “आता याचीच सवय झाली बाय.”

इस्पितळाची गोष्ट मला सांगावीशी वाटत नाही, पण सांगितलीच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी वडिलांपाशी मी नऊ रात्री वॉर्डात काढल्या. खोलीत सहा खाटा. बोटावरचा चिमटा सुटला तरी तोच कर्कश गजर, सलाईन संपलं तरी जवळपास तसाच, नाडी खरंच बिघडली तरी फार वेगळा नाही. पहिल्या रात्री प्रत्येक आवाजाला मी दचकून उठले. तिसऱ्या रात्रीपासून आम्ही नातेवाईक एकमेकांना ‘ते बटण दाबा, थांबतं’ असं शिकवू लागलो. सहाव्या रात्री वडिलांचं सलाईन संपलं, नळीत रक्त वर चढलं, पंप वाजत होता आणि मी हातभर अंतरावर झोपले होते. नर्सबाईंनी येऊन हलवलं. पुढे काही अनर्थ झाला नाही. पण तो आवाज माझ्या झोपेचा भाग झाला होता हे मी विसरू शकत नाही, आणि नर्सबाई तर हे आवाज वर्षानुवर्षं ऐकतात.

याला डॉक्टरी भाषेत गजरांचा थकवा म्हणतात. अमेरिकेत इस्पितळांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये त्याबद्दल इशारा काढला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या साडेतीन वर्षांत त्यांच्याकडे गजरांशी संबंधित ९८ घटना आल्या होत्या, आणि त्यांतल्या ८० घटनांत रोगी दगावला होता. त्याआधी यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात वेगवेगळ्या धोक्यांसाठी छोट्या-छोट्या सुरावटी ठरवल्या होत्या. त्या ऐकायला सारख्याच वाटत, नर्सना लक्षात राहत नसत. त्या सुरावटी सुचवणारे भूलतज्ज्ञ फ्रँक ब्लॉक यांनी २००८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहून चक्क माफी मागितली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पुढे ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ जुडी एडवर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांवर चाचण्या घेतल्या आणि २०२० मध्ये मानक बदललं. आता हृदयासाठी ठोक्यासारखा आवाज, श्वासासाठी आत घेतलेल्या आणि सोडलेल्या श्वासाचा, औषधासाठी गोळ्यांची बाटली हलवल्यासारखा, तापमानासाठी किटलीच्या शिट्टीसारखा. हे शिकवावं लागत नाही. ठोक्याचा आवाज ऐकला की मन आपोआप छातीकडे जातं. मग आपल्या सरकारी इस्पितळांसाठी पुढचे मॉनिटर घेताना ‘२०२० च्या सुधारणेनुसार गजर हवेत, आणि नर्सनी वॉर्डात ऐकून पसंत केलेले हवेत’ एवढं वाक्य निविदेत घालायला काय हरकत आहे?

गोव्यात आवाजावर वाद खूप होतो. किनाऱ्यावरच्या पार्ट्या, रात्री दहाची मर्यादा, न्यायालयं. त्या लढ्याच्या बाजूने मी आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवले आहेत, ते पाळले गेलेच पाहिजेत. पण या वादामुळे आपल्या डोक्यात आवाज म्हणजे फक्त ‘किती’ एवढंच उरलं आहे. तो काय सांगतो, कुणाला सांगतो, सांगण्याची गरज होती का, हे मीटरवर येत नाही. आईची शेगडी कोणताच नियम मोडत नाही. इस्पितळातला तो पंपही मोडत नसेल.

आणि शांतता हेही प्रत्येक वेळी उत्तर नसतं. कदंबच्या, म्हणजे आपल्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, इलेक्ट्रिक बसगाड्या आल्या तेव्हा मला आनंदच झाला, डिझेलचा धूर आणि थरथर गेली. मग एकदा आईला घेऊन बसस्टँडवर उभी होते, आणि बस आमच्या पुढ्यात येऊन थांबेपर्यंत तिला पत्ता नव्हता. पूर्वी इंजिनाच्या घरघरीवरून ती कुठे उभी राहणार आणि दार कुठे येणार याचा अंदाज बांधायची. यावर जगात विचार झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे वीजगाडी ताशी २० किलोमीटरच्या खाली असताना तिने ठरावीक आवाज केला पाहिजे, किमानही ठरलेला आणि कमालही, आणि वेगाबरोबर त्याचा स्वर चढला-उतरला पाहिजे, म्हणजे गाडी जवळ येताना वेग घेतेय की थांबतेय ते कळावं. युरोपात जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या वीजमोटारीला तो सक्तीचा आहे. आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये असाच मसुदा काढला, नव्या मॉडेलांसाठी ऑक्टोबर २०२६ आणि बाकीच्यांसाठी ऑक्टोबर २०२७ पासून. तो मोटारी, बस आणि ट्रक यांच्यापुरता आहे. आपल्या वाड्यांतल्या, एका कुशीला कुंपण आणि दुसऱ्या कुशीला गटार असलेल्या रस्त्यांवर ज्या विजेच्या स्कूटर मागून येतात त्यांचं काय, हे मला त्यात दिसलं नाही.

हॉर्नच्या बाबतीत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ पासून बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम अशा वाद्यांच्या आवाजांची कल्पना मांडली आहे. हेतू चांगला आहे, पण मला ती पटत नाही. शंभर डेसिबलची बासरी ही शंभर डेसिबलचीच असते. आणि हॉर्नने ‘बाजूला हो’ एवढंच सांगायचं असतं, तिथे कानाला रमवणारा आवाज धोक्याचा. मागे येणाऱ्या टेम्पोच्या रिव्हर्सच्या गाण्यांबद्दलही माझं हेच म्हणणं. ‘श्श-श्श’ असा, अनेक स्वर एकत्र असलेला रिव्हर्सचा इशारा मिळतो. त्याची दिशा कान चटकन ओळखतो, आणि तो चार घरं ओलांडून कुणाच्या झोपेत शिरत नाही.

चांगला आवाज कसा असावा याचा नमुना मला मतदान यंत्रात दिसतो. बटण दाबलं की एक लांब बीप. तो मतदाराला सांगतो की मत नोंदलं गेलं, केंद्रातल्या अधिकाऱ्याला सांगतो की आता पुढचा माणूस, पक्षांच्या प्रतिनिधींना सांगतो की एकच मत पडलं. कुणाला पडलं, हे तो कुणालाच सांगत नाही. एका आवाजात एवढा विचार आहे. आईला तो बीप ऐकू आला की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मी दर निवडणुकीला पाहते.

‘एवढंसं राज्य, कंपन्या आपलं कशाला ऐकतील?’ असं मला एका इंजिनिअर मित्राने विचारलं. मतदान यंत्रांचंच पाहू. अख्ख्या राज्याची विधानसभा निवडणूक या यंत्रांवर पहिल्यांदा झाली ती गोव्यात, १९९९ मध्ये. चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रं सगळ्या मतदारसंघांत पहिल्यांदा लागली तीही इथेच, २०१७ मध्ये, चाळीसच्या चाळीस ठिकाणी. लहान राज्यात गोष्ट करून पाहता येते, म्हणून ती इथे आधी होते. आवाजाच्या बाबतीत तर आपल्याकडे आणखी एक जमेची बाजू आहे. जानेवारी २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट भरतो, देशभरातले दिव्यांग लोक इथे येतात. ज्यांच्या कानांवर यंत्रांची परीक्षा व्हायला हवी ती माणसं आपल्या दारात येतात, आणि आपण त्यांच्यासमोर भाषणं आणि गाणी ठेवतो. एक तंबू टाकावा, त्यात घ्यायच्या असलेल्या लिफ्ट, टोकनयंत्रं, बसच्या उद्घोषणा ठेवाव्यात, आणि त्यांना विचारावं.

कायदाही बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं ४३ वं कलम सांगतं की रोजच्या वापराच्या वस्तू सर्वांना वापरता येतील अशा घडाव्यात यासाठी सरकारने पावलं उचलावीत. शेगडी ही रोजच्या वापराचीच वस्तू आहे. आणि बोलणारी यंत्रं इथे घ्यायची तर ती इथल्या भाषांत बोलायला हवीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही सरकारी वापराची मुभा दिली. ‘दरवाजा बंद हो रहा है’ ऐकून गोंधळणारी खेड्यातली म्हातारी मी लिफ्टमध्ये पाहिली आहे.

खर्चाचा मुद्दा उरतो. बझर बदलत नाही, वायर बदलत नाही, बदलतो तो क्रम आणि जोर. खर्च होईल तो चाचणीचा: दोन नर्स, दोन न दिसणारी माणसं, एक म्हातारं माणूस, एक दुपार, आणि यंत्र जिथे बसणार तीच जागा, शोरूम नव्हे. रात्रीसाठी आवाज उतरवायची सोय. खासगी वस्तूंसाठी राज्याच्या हातात फार नाही, हे मान्य. पण युरोपात फ्रिज आणि धुलाई यंत्रांच्या ऊर्जा लेबलवर विजेशेजारी डेसिबलही छापतात. आपल्या स्टार लेबलवर वीज किती खाणार ते असतं, मिक्सर घरात केवढा कल्लोळ करणार ते कुठेच नसतं. ते लिहायला लावणं केंद्राचं काम, त्यासाठी आपल्या खासदारांनी आवाज उठवावा.

आईच्या शेगडीवर सध्या दोन टिकल्या आहेत. आच वाढवायच्या चिन्हाशेजारी मोठी, कमी करायच्या चिन्हाशेजारी लहान, मखमलीच्या, बोटाला लागतील अशा. माझ्या भाचीची युक्ती. आई आधी टिकली चाचपते, मग शेजारी बोट टेकवते, टीं वाजतं तिकडे लक्षही देत नाही. ओल्या फडक्याने पुसलं की टिकल्या सुटतात, म्हणून पाकीट मिठाच्या बरणीमागे ठेवलं आहे.